अक्कलदाढ आणि उद्याचा माणूस

थंडी पडली की आमच्या सीमाभागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, फेटे. उद्घाटन तासभर उशिरा. आणि परिसंवाद बिचारा जेवणानंतर, पोटात मसालेभात आणि डोळ्यांवर झापड असताना. यंदा निपाणी भागातल्या अशाच एका मांडवात विषय होता 'उद्याचा माणूस'. पहिला वक्ता आमच्याच पंचक्रोशीतला, आता बेंगळुरूत संगणकाच्या धंद्यात. तो म्हणाला, उत्क्रांतीचं काम संपलं. जे तिला लाखो वर्षांत जमलं नाही ते आता आपण करू. डोक्यात चिप बसेल, जनुकं दुरुस्त होतील, म्हातारपण जाईल. दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, यंत्रानं माणसाचं माणूसपण खाल्लं, निसर्गानं घडवलेला माणूस शेवटचे श्वास मोजतोय. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या, आणि मला खटकलं ते हेच. दोन उलट भाषणांना एकाच मांडवात सारख्या टाळ्या पडल्या की समजावं, दोघांचं मूळ गृहीतक एकच आहे आणि ते ऐकणाऱ्यांनाही मान्य आहे.

गृहीतक असं की निसर्गानं घडवून, घासून-पुसून डब्यात बंद करून ठेवलेला एक पूर्ण माणूस कधीतरी होता. एकाला डबा उघडून त्याच्यात सुधारणा करायची आहे, दुसऱ्याला झाकण घट्ट लावायचं आहे. असा माणूस कधी नव्हताच, हे माझं म्हणणं. आपण हत्यारानं, विस्तवानं, औतानं, दावणीच्या जनावरांनी घडत आलेला प्राणी आहोत. त्यामुळे 'माणूस बदलावा की बदलू नये' हा वादच मुळात पोकळ आहे. विचारायचं ते असं: बदल कोण ठरवतो, तो आधी कुणाच्या अंगावर करून बघितला जातो, आणि चुकला तर माघारी फिरता येतं का? दीड तासाच्या परिसंवादात यांतल्या एकाही प्रश्नाला कुणी हात घातला नाही.

मीही घातला नाही, कारण त्या दिवशी माझा उजवा गाल भाकरीसारखा फुगला होता. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. खालची अक्कलदाढ सरळ उभी न राहता आडवी झोपलेली, आणि शेजारच्या दाढेला डोकं लावून रेटत होती, एसटीत तिसऱ्या सीटवर चौथा माणूस रेटतो तशी. "जबडा लहान, दाढ मोठी. जागा आणायची कुठनं?" त्या म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला लागल्या. तोंडात कापूस कोंबलेल्या अवस्थेत मला त्या प्राध्यापकांना विचारावंसं वाटलं, निसर्गानं घडवलेला माणूस तो हाच का? मग त्याच्या जबड्याचं माप चुकलं कसं? उत्तर चुलीत आहे. आपले पूर्वज कंदमुळं आणि कच्चं मांस चावत होते तोवर मोठा जबडा आणि मोठ्या दाढा कामाच्या होत्या. दगडी धारेनं मांस कापता यायला लागलं, कंद ठेचता यायला लागले, पुढे अन्न विस्तवावर मऊ व्हायला लागलं, आणि चावायचं निम्मं काम तोंडाबाहेरच उरकायला लागलं. दाढा लहान होत गेल्या, जबडा त्याहून जास्त. यात सगळा दोष जनुकांचाच असंही नाही. लहानपणापासून मऊ खाणाऱ्याचा जबडा त्याच्या स्वतःच्या हयातीतही कमीच वाढतो. शेतीवर जगणाऱ्या लोकांचे जबडे शिकारीवर जगणाऱ्यांहून आखूड निघतात ते त्यामुळेही. म्हणजे माझ्या गालाच्या सुजेला तंत्रज्ञान जबाबदार होतं, फक्त ते संगणकाच्या कितीतरी लाख वर्षं आधीचं. आणि ती सूज उतरवली तीही तंत्रज्ञानानंच.

शाळेत आम्ही शिकवतो की माणसानं हत्यार बनवलं. सनावळी मांडून बघितली तर वाक्य उलटं करायची पाळी येते. केनियात लोमेक्वी इथं सापडलेली दगडी हत्यारं सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची. आपल्या 'होमो' कुळातला आजवर सापडलेला सगळ्यात जुना जबडा इथिओपियातला, सुमारे २८ लाख वर्षांपूर्वीचा. आणि आपण, म्हणजे होमो सेपियन्स, मोरोक्कोतल्या जेबेल इऱ्हूदच्या कवट्यांच्या हिशेबानं उणीपुरी ३ लाख वर्षांची पोरं. हत्यार आधी, आपलं कूळ नंतर, आपण तर फारच नंतर. दगड फोडणाऱ्या हाताला, नेम धरणाऱ्या डोळ्याला आणि दुसऱ्याचं बघून शिकणाऱ्या मेंदूला त्या दगडानंच लाखो वर्षं निवडलं. मग 'तंत्रज्ञानापूर्वीचा अस्सल माणूस' शोधायला नेमकं किती मागं जायचं? जिथं तंत्रज्ञान नाही तिथं मागं गेलात तर तिथं माणूसही नाही.

हे आफ्रिकेत घडलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध पायाखाली आहे. ब्रिटिशांच्या भूगर्भ खात्यातल्या रॉबर्ट ब्रूस फूटला १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं अश्मयुगाचं पहिलं हत्यार सापडलं, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. याच गृहस्थानं पुढे आमचा मुलूख तुडवला, आणि १८७६ साली छापलेल्या त्याच्या अहवालाच्या नावातच 'साउथ मराठा कंट्री' आहे. (सीमाप्रश्नात हा पुरावा अजून कुणी दाखल केलेला नाही, हे नशीब.) गोकाकजवळ चिकदौलीला त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले. त्या नामशेष गेंड्याचं नावच पडलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, दख्खनचा गेंडा. आज गोकाकला माणसं धबधबा बघायला आणि करदंट घ्यायला जातात. एके काळी त्या रानात गेंडे चरत होते. घटप्रभा-मलप्रभेच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. पूर्वेला यादगीर जिल्ह्यात इसामपूरला तर हातकुऱ्हाडींचा आख्खा कारखानाच निघाला. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथं खोदकाम केलं, आणि त्या थराचं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं. चुनखडीची लादी निवडायची, दोन्ही अंगांनी छिलके काढायचे, टोक साधायचं. ते कारागीर आपल्या प्रजातीचे नव्हते, आपण तेव्हा जन्मालाच आलो नव्हतो. तरी चुकलेला दगड बाजूला टाकून दुसरा उचलणारा तो हात बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरला ओळखीचा वाटेल.

आता बेंगळुरूच्या पाहुण्यांकडे वळू. उत्क्रांतीचं काम संपलं, हे त्यांना कुणी सांगितलं? दूध घ्या. बहुतेक सस्तन प्राण्यांना अंगावरचं दूध तुटलं की दूध पचत नाही. माणसालाही पचत नसे. जनावरं पाळायला लागल्यावर, म्हणजे गेल्या काही हजार वर्षांत, मोठेपणीही दूध पचवू देणारा एक जनुकीय बदल पशुपालकांत पसरला. २०१२ मध्ये भारतीयांचे नमुने तपासले तेव्हा युरोपात आहे तोच बदल इथंही दिसला, आणि गुरं राखणाऱ्या समाजांत त्याचं प्रमाण जास्त. खानापूरच्या डोंगरातल्या गवळीवाड्यांवर म्हशी हाकणाऱ्या माणसाला कुणी उत्क्रांतीचा नायक म्हणणार नाही, पण गोठ्यानं माणसाचं आतडं बदललं याचा धडा त्याच्यासारख्यांकडूनच मिळतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही तसंच. दोन्ही पालकांकडून त्याचा जनुकीय दोष आला तर लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि रोग्याच्या वेदनांना पार राहत नाही. एकाकडूनच आला तर तोच मलेरियापासून वाचवतो. म्हणून मलेरियाच्या मुलखांत तो टिकला. मग हे जनुक वाईट की चांगलं? ज्यांना जनुकांची यादी घेऊन नको ती खोडून टाकायची आहेत त्यांनी आधी या एकाचा निकाल लावावा.

कोविडनं तर याहून जुनी उधारी बाहेर काढली. आजार बळावण्याची शक्यता वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा आपल्याकडे नियांडरथाल या नामशेष मानवांकडून आला आहे, हे २०२० मध्ये स्वांटे पाबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवलं. दक्षिण आशियात निम्म्याच्या आसपास लोकांत त्याची निदान एक प्रत आहे. युरोपात साधारण सहात एकाकडे. नियांडरथाल संपले असं आपण म्हणतो, पण आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसाच्या जनुकांत त्यांचा एक-दोन टक्के वाटा आहे. आमच्या चिकोडी तालुक्यात कल्लोळला दूधगंगा कृष्णेला मिळते. पुलावर उभं राहून पुढच्या पाण्यातलं दूधगंगेचं कुठलं आणि कृष्णेचं कुठलं, हे दाखवा बघू. पुस्तकात छापलेलं ते चित्र, वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका रांगेत चालणारं, म्हणूनच चुकीचं आहे. रांग कधी नव्हतीच. फुटणारे, परत मिळणारे, मध्येच आटणारे प्रवाह होते.

त्या चित्रानं आपल्याकडे दुसराही घोळ घातला आहे. उत्क्रांतीचा विषय निघाला की कुणीतरी उठून म्हणतंच, आमच्या दशावतारात हे सगळं आधीच आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. ऐकायला छान वाटतं. ते साम्य जे. बी. एस. हाल्डेनसारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही जाणवलं होतं. पण दशावतार ही कथा आहे, आणि तिला कथा म्हणून जो मान आहे तो मोठा आहे. तिला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र चिकटवलं की दोन्हीचा अपमान होतो. वराहापासून नरसिंह व्हायला कुठली निवड लागू झाली, हे मग सांगावं लागेल. २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी बघितला नाही, सबब डार्विन चूक, असं जाहीर केलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. गंमत अशी की उद्याचा माणूस कसा असावा यावर मत देण्याची पाळी जेव्हा या पिढीवर येईल, तेव्हा कालचा माणूस कसा झाला हेच तिला ठाऊक नसेल. मोबाइल वापरून पुढच्या पिढीचे अंगठे लांब होतील, असले निरोप मग शाळेतले शिक्षकही पुढे ढकलतात. फौंड्रीत तीस वर्षं घण मारणाऱ्या बापाचे दंड पोराला जन्मतः मिळाले असते तर उद्यमबागेत पहिलवानांची पैदास झाली असती.

पहिला माणूस कोण, हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, गोव्याच्या हद्दीवरून चोर्ल्याचा घाट चढून कणकुंबीला या, तिथनं खानापूर, बेळगाव, निपाणी करत कोल्हापूरला जा. वाटेत कोकणी संपून घाटावरची मराठी कुठल्या गावी सुरू झाली? प्रत्येक गावाला शेजारच्या गावाचं बोलणं कळतं, आणि दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं धड कळत नाही. जातींचं, म्हणजे जीवशास्त्रातल्या प्रजातींचं, असंच असतं. कुठल्याही आईनं वेगळ्या प्रजातीचं मूल जन्माला घातलं नाही. रेघ नंतर मारली जाते, सोयीसाठी, कागदावर. सीमाभागातल्या माणसाला रेघ म्हणजे काय ते सांगायला नको. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत एक रेघ मारली, १९६७ साली महाजन आयोगानं ती कुठं सरकवायची ते सांगितलं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात तिच्यावर खटला आहे. आणि घरात आजी मराठीतून ओव्या म्हणते, दुकानदार कन्नडमधून हिशेब करतो, दोघांचं छान चाललेलं असतं. ज्यांना पहिला माणूस सापडत नाही, त्यांना शेवटचा मात्र तारखेसकट सापडतो, हे कसं? डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलेली माझी आई, कानात यंत्र घातलेले ते प्राध्यापक स्वतः, हे रेघेच्या अलीकडचे की पलीकडचे?

तरीही प्राध्यापकांच्या बाजूनं एक मुद्दा असा आहे की तो मला सहज झटकता येत नाही. त्यांनी तो मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. चूल, गोठा, शेती यांनी माणूस बदलला खरा, पण सावकाश, आणि कुणाच्याही मनात नसताना. हातकुऱ्हाडीचा घाट दहा लाखांहून जास्त वर्षं फारसा बदलला नाही. त्या काळात शरीरं, हवामान, रोगराई, सगळ्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला वेळ मिळाला. आता तसं राहिलेलं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या हे च्यानख्वे या संशोधकानं जाहीर केलं की त्यानं गर्भाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्या. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून त्यानं सीसीआर-५ या जनुकाला हात लावला होता. ज्यांच्यात हे जनुक जन्मतः निकामी असतं त्यांना वेस्ट नाईल तापाचा त्रास जास्त होतो, हे तेव्हाही माहीत होतं. पुढे त्याला तीन वर्षांची कैद झाली. पण त्या मुलींच्या पेशींत जे गेलं ते गेलं, आणि पुढं त्यांच्या मुलाबाळांत उतरू शकतं. हेतू धरून, एका पिढीत, न विचारता केलेला बदल आणि चुलीनं लाखो वर्षांत केलेला बदल यांना एकाच तागडीत टाकणं लबाडी होईल, आणि 'माणूस नेहमीच बदलत आला आहे' या माझ्याच वाक्याच्या आडून ही लबाडी करता येते, हे मला कळतं. म्हणून तिसरा प्रश्न: माघारी फिरता येतं का? २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं मान्यता दिलेला सिकलसेलवरचा जनुक-उपचार रोग्याच्या स्वतःच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत घालतो. बदल त्या माणसापुरता, त्याला विचारून, त्याच्याबरोबर संपणारा. वेदनेनं तळमळणारं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईपुढे निसर्गाच्या पावित्र्याचं प्रवचन द्यायची माझी हिंमत नाही. वंशात उतरणारा बदल ही वेगळी गोष्ट आहे, तिथं मी प्राध्यापकांच्या शेजारी जाऊन बसतो.

बेंगळुरूचा पाहुणा म्हणेल, निवडीचं स्वातंत्र्य द्या, आईबाप आपल्या मुलासाठी चांगलंच निवडतील. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. सोनोग्राफीचं यंत्र आलं आणि पोटातल्या मुलाबद्दल एक गोष्ट, फक्त एकच, आधी कळायला लागली. आपण काय निवडलं? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. आमच्या उंबऱ्याला लागून असलेल्या, ऊस-दूध-साखरेनं सुखवस्तू झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ मध्ये हा आकडा ८३९ होता. १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी याविरुद्ध कायदा केला तो महाराष्ट्रानंच, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, तरी ही गत. कुणी सक्ती केली नव्हती. शिकल्या-सवरल्या घरांनी, पैसे मोजून, प्रेमापोटीच निवड केली. ज्या समाजाला एक बटण दिल्यावर त्यानं मुली पुसल्या, त्याच्या हातात उंचीचं, रंगाचं, हुशारीचं बटण आलं तर तो काय दाबेल? वधू-वर सूचक मंडळाच्या वहीतला 'गोरी, उंच, सडपातळ' हा मजकूर बघितला की उत्तर मिळतं.

आणि दुसऱ्याच्या अंगातली जनुकं कामाला लावायची सरकारी हौसही आमच्या परिसरानं बघितली आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि पुढे हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं, बरेचसे पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटून या रानात आले. घरात कोकणीच्या वळणाची बोली, बाजारात कन्नड आणि मराठी. २०११ च्या एका जनुकीय अभ्यासानं त्यांचं आफ्रिकेतलं बांटू मूळ स्पष्ट केलं, आणि स्थानिकांशी त्यांची सरमिसळ गेल्या दोनेकशे वर्षांतली असल्याचं दाखवलं. १९८७ मध्ये सरकारच्या मनात आलं की आफ्रिकी रक्त आहे, म्हणजे पळण्यात पदकं मिळतील. विशेष क्रीडा योजनेखाली सिद्दी पोरं-पोरी निवडून दूरच्या केंद्रांवर नेल्या. काही खरोखर चांगले धावले. पण १९९३ च्या सुमारास योजना गुंडाळली आणि पोरं होती तिथं, पुन्हा जंगलात, मजुरीला. त्यांना जमीन हवी होती, शाळा हवी होती, जवळ दवाखाना हवा होता. राज्याला त्यांच्या पिंढऱ्या हव्या होत्या. माणसाकडे जनुकांची थैली म्हणून बघितलं की असं होतं, आणि थैलीतून अपेक्षित माल निघाला नाही की थैली टाकून देतात.

असं बघणं पूर्वी शास्त्राच्या नावानंच चालायचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजायला लागल्या. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण त्यांची श्रेष्ठता दाखवते, असा गुरूंचा होरा. बाईंनी मापं घेतली आणि प्रबंधात लिहिलं, वंशाचा आणि कवटीच्या डाव्या-उजव्या असमानतेचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर, एकटीनं. फिशर यांची विद्या पुढे नाझींच्या कामी आली. १९३३ च्या कायद्यानं जर्मनीत सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. आपणही हात झटकून मोकळे होऊ नये. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि त्यांत पकडून नेलेले किती, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. 'उत्तम माणूस' घडवायचा विचार जेव्हा जेव्हा वरून खाली आला, तेव्हा कात्री गरिबाच्या अंगावर चालली.

मला मांडवात सगळ्यात जास्त टोचलं ते हे की यंत्रानं बदललेल्या शरीराची चर्चा दोघंही भविष्यकाळात करत होते. ते शरीर मांडवाच्या मागच्या रांगेत बसलं होतं. निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत, घराघरांत विड्या वळल्या जातात. भिजवलेलं पान मापावर कातरायचं, मांडीवरच्या सुपातली चिमूट भरायची, वळायची, टोक नखानं मुडपायचं, दोरा. दिवसाला हजाराच्या हिशेबानं. चाळिशीत त्या बाईची पाठ कमानीसारखी होते, तंबाखूची धूळ छातीत बसते, बोटांची कातडी पिवळी पडते ती पुन्हा उजळत नाही. फौंड्रीतल्या कामगाराच्या फुप्फुसात वाळूची धूळ साचते, त्या आजाराला तर वैद्यकात नावही आहे, सिलिकोसिस. तंत्रज्ञानानं बदललेला माणूस कॅलिफोर्नियात जन्माला येणार आहे असं आपण समजतो, तो शंभर वर्षांपासून आमच्या गल्लीत खोकतोय. त्याच्या बदलाला कुणी 'माणूसपणाला धोका' म्हटलं नाही, परिसंवाद ठेवला नाही. सिकलसेलच्या त्या नव्या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. रुपयांत मांडली तर आकडा लिहिताना शून्यं मोजावी लागतात. बदलाचा त्रास एका टोकाला आणि बदलाचं औषध दुसऱ्या टोकाला, अशी ही वाटणी आहे, आणि ती जनुकांनी केलेली नाही.

सोमवारी मी ती उपटलेली दाढ कापसात गुंडाळून दहावीच्या वर्गात नेली. फळ्यावर जबड्याची आकृती काढली, चूल काढली, ३३ लाख हा आकडा लिहिला. दाढ बाकाबाकावरून फिरली. कुणी नाक मुरडलं, कुणी मुळं मोजली, एकानं ती आपल्या गालाला लावून बघितली. तिसऱ्या बाकावरच्या पोरीनं ती उजेडाकडे धरली आणि बराच वेळ निरखत राहिली. तिची आई विड्या वळते. मला वाटलं, आता जबड्याबद्दल काहीतरी विचारणार.

"सर, तुमी तंबाखू खाताय व्हय?"